गिटारची भाजलेली मान

रविवार, २ मार्च, सकाळचे साडेअकरा. मागितलेली रक्कम सोळा हजार पाचशे रुपये. हजर चौघे : मी, माझी मुलगी, माझा साळा आणि दुकानदार. जागा नागपूरच्या बर्डीवरचं वाद्यांचं दुकान, पहिला मजला. वस्तू एक इलेक्ट्रिक गिटार, परदेशी बनावटीची.

असं लिहिण्याची मला सवय आहे. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात सव्वीस वर्षं मी स्टोअरला आलेला माल तपासतो. बेअरिंग, गॅस्केट, केबल, नटबोल्ट, जे येईल ते. मी 'स्वीकृत' लिहिलं तर पुरवठादाराचं बिल निघतं, 'अस्वीकृत' लिहिलं तर त्याचा ट्रक आल्या वाटेनं परत जातो. पुरवठादार मला चहा पाजू शकत नाहीत, हे त्यांना पहिल्या भेटीतच कळतं. असा माणूस पोरीसाठी एक गिटार निवडू शकणार नाही, असं मला तरी वाटलं नव्हतं.

गिटार हवी होती ती चौदा एप्रिलसाठी. उत्तर नागपुरातल्या आमच्या जुन्या वस्तीत दरवर्षी जयंतीचा कार्यक्रम होतो आणि त्यात माझ्या मोठ्या चुलत बहिणीची गाण्याची पार्टी गाते. आम्ही मनीषनगरला राहायला गेलो त्याला अकरा वर्षं झाली, पण त्या दिवशी सगळे तिथेच असतो. पार्टीतला गिटार वाजवणारा पोरगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि सोबत गिटारही घेऊन गेला. माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं ती त्याच पोराच्या गिटारवर शिकत होती. तिनं जागा मागितली. बहिणीची अट एकच, आणि ती सगळ्यांना सारखी : स्टेजवर बसायचं तर वाद्य स्वतःचं पाहिजे आणि आवाज साफ पाहिजे.

"नाही जमलं तं सांगून दे वं," बहीण तिला म्हणाली होती. "कीबोर्डात गिटारचा आवाज आहेच. बटन दाबलं का झालं."

हे बटण माझ्या मुलीच्या मनात रुतून बसलं होतं. आजवर ती कोरसमध्ये तिसऱ्या रांगेत उभी राहायची, माइकपासून सात फूट लांब. यंदा तिला पुढे बसायचं होतं, आणि तिच्या जागेवर एक बटण टपून होतं.

मी दहा हजारांची मर्यादा घातली आणि अभ्यासाला लागलो.

स्वस्त परदेशी गिटारींची परीक्षणं इंटरनेटवर किती आहेत ते मी मोजलं नाही, पण एकोणचाळीस पूर्ण पाहिली. सगळ्यांची रीत एकच. टोपी घातलेला एक तरुण डबा उघडतो. डबा उघडायला नऊ मिनिटं लागतात. मग तो गिटारचा वास घेतो. मग म्हणतो की या किमतीत यापेक्षा चांगलं काही मिळणारच नाही. हेच वाक्य तो मागच्या आठवड्यात दुसऱ्या गिटारबद्दल बोललेला असतो. शेवटी एक मिनिट वाजवतो, आणि त्या मिनिटात त्याच्या मागे ढोलही वाजत असतो. वजन किती, तारा पट्टीपासून किती उंच, महिनाभरानं काय होतं, यातलं एकही कोणी सांगत नाही. महिनाभरानं त्याच्यासमोर पाचवा डबा असतो.

विकत घेणाऱ्यांचे शेरे तर त्याहून उपयोगी. पाच तारे : "डिलिव्हरीवाला नम्र होता." एक तारा : "डबा एका कोपऱ्यात दबलेला." चार तारे : "अजून उघडली नाही, भावाच्या वाढदिवसाला देणार आहे." मी सव्वीस वर्षांत न उघडता फक्त एकदा माल पास केला होता, तोही झाडूंचा.

शेवटी मी स्वतःच तपासणीचा तक्ता बनवला. बावीस मुद्दे. वजन, मानेचा सरळपणा, बाराव्या पट्टीवर तारेची उंची, खुंट्यांची ढिलाई, सांध्यातली फट, रंगाचे डाग, बटणांची खरखर, सोल्डरिंग. एका पानावर बसला. सोबत स्टीलची मोजपट्टी, फटी मोजायचं फीलर गेज, वजनकाटा, छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला. साळ्याला बोलावलं नव्हतं. तो आला.

साळा कॉलेजात असताना दीड वर्ष एका बँडमध्ये होता. त्यानंतर वीस वर्षं तो विमा विकतो आहे, पण ओळख करून देताना आधी बँड सांगतो. त्याच्याकडे एक शब्द आहे : टोन. तो डोळे मिटून उच्चारतो.

"भाऊजी, गिटार अशी मोजून नाही घेत. टोन पायजे, टोन."

"टोनचा मुद्दा तक्त्यात कितवा लिहू?"

"तो लिहाले येतच नाही ना. आतून समजते."

दुकानदार या दोघांत कोणाला गिऱ्हाईक मानायचं ते ठरवत होता. त्यानं दोन्हीकडे पाहून एकच शब्द सोडला : "इम्पोर्टेड." हा शब्द आमच्या शहरात अजूनही चालतो. सेंट इम्पोर्टेड, टाइल्स इम्पोर्टेड, दाताची कवळी इम्पोर्टेड. भिंतीवर अकरा गिटारी टांगल्या होत्या. मी विचारलं, यातली इथली कोणती?

"साहेब, इथला फक्त मी आहे. बाकी सब बाहेरून."

बाहेरून म्हणजे कुठून, ते प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. पाच एका देशातल्या, सहा दुसऱ्या देशातल्या. नावं मात्र सगळी तिसऱ्याच देशातल्या माणसांची असावीत अशी.

तक्ता लावत गेलो तशा अकरापैकी दोन उरल्या. एक सोळा हजार पाचशेची, निळी, मर्यादेबाहेरची, साळ्याच्या आग्रहानं ठेवलेली. दुसरी साडेनऊ हजारांची, काळी. दोघींची कंपनी वेगळी, स्टिकर वेगळं, पुठ्ठ्याचा डबा वेगळा. मी दोघींच्या पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून आला.

"साहेब, साहेब! वॉरंटी जाईल!"

"वॉरंटी जाणार असेल तर वॉरंटीच्या कागदावर तसं कलम दाखवा."

कलम नव्हतं. आत जे होतं ते मी मुलीला दाखवलं. वायरिंग तेच, सोल्डर तोच, आणि दोघींच्या पोटात लाकडावर पेन्सिलीनं केलेली एक छोटी खूण. गोल आणि त्यात तिरकी रेघ. एकाच हातची. दोन्ही गिटारी एकाच कारखान्यात, एकाच माणसाच्या हाताखालून, बहुधा एकाच आठवड्यात गेल्या होत्या. मग बाहेर पडताना एकीला निळा रंग आणि सात हजार रुपये लागले होते.

साळ्याला हे पटलं नाही. मग मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मुलीला सांगितलं, एकच ओळ दोन्हींवर वाजव, कोणती आधी ते मी बोटानं खुणावीन. तिनं वाजवलं. साळ्यानं डोळे मिटलेलेच ठेवले.

"दुसरी," तो म्हणाला. "दुसरीमध्ये गहराई आहे. फरक ऐकू येते ना भाऊजी? हा सात हजाराचा फरक आहे."

दुसरी म्हणजे साडेनऊवाली होती. दुकानदार खाली पाहून गल्ल्याची किल्ली पुसू लागला. साळा म्हणाला, स्पीकर बरोबर नाही.

बावीसपैकी एकवीस मुद्द्यांवर दोन्ही गिटारी सारख्या निघाल्या. फरक फक्त सतराव्या मुद्द्यावर होता : मानेचं लाकूड. दोन्ही मेपल, पण निळीची मान काळपट तपकिरी होती.

"ये भाजलेली आहे," दुकानदार म्हणाला. "रोस्टेड. मौसम का असर नाही होत."

"भाजलेली? लाकूड आहे का कणीस?"

मुलगी हसली नाही. तिनं दोन्ही माना हातात धरून पाहिल्या आणि म्हणाली, "बाबा, निळीची हाताला बरी वाटते."

सतराव्या मुद्द्यापुढे मी लिहिलं : 'वैयक्तिक पसंती. गुणवत्तेशी संबंध नाही.' काळी घेतली. साडेनऊचे नऊ हजार शंभर केले. पट्टा आणि छोटा स्पीकर घरी होता. साळ्यानं बँडच्या काळातली त्याची लाकडी पेटी भाचीला भेट दिली. आतून लाल मखमल, बाहेरून काळं रेक्झिन, तीन कुलुपं, आणि झाकण इतकं घट्ट की बंद करताना आतली हवा फुस्स करून निघायची. पेटी खरंच चांगली होती. तिचं झाकण इतकं चांगलं बसत नसतं तर पुढचं अर्धं टळलं असतं.

घरी येऊन मी डबा पुन्हा तपासला. तळाशी सिलिका जेलच्या दोन पुड्या होत्या, बुटांच्या डब्यात असतात तशा. दुसऱ्या कोणी फेकल्या असत्या. मी थांबलो. कारखान्यानं पुड्या ठेवल्या म्हणजे मालाला ओलीपासून धोका आहे. आणि ओलीपासून माल कसा जपायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला एक काचेची बरणी लावलेली असते, तिच्यात सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ट्रान्सफॉर्मर त्यातून श्वास घेतो. दाणे निळे आहेत तोवर आतली हवा कोरडी. गुलाबी झाले की ओल शिरली. मग दाणे काढायचे, तापवायचे, पुन्हा निळे करायचे. लाखो रुपयांचे ट्रान्सफॉर्मर या दाण्यांवर जगतात, मग नऊ हजार शंभरांची गिटार काय.

मी अर्धा किलो दाणे विकत आणले. ऑफिसातून आणले नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवतो. बायकोनं जुन्या उशीच्या अभ्र्याच्या दोन थैल्या शिवून दिल्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, तिच्यावर तारीख. थैल्या पेटीत मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, तीनही कुलुपं लावली, आणि मुलीला सूचना दिली : वाजवून झालं की लगेच आत.

पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, टोचते."

"काय टोचते?"

"मानेची कड. हे फ्रेटचे तुकडे बाहेर येऊन राहिले."

गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. त्यांची टोकं लाकडाच्या काठाबरोबर घासलेली असतात. मी बोट फिरवलं. किंचित खरखर होती. तक्त्यात पाहिलं : २ मार्चला 'कडा गुळगुळीत'. म्हणजे बदल झाला होता. बदल कशानं होतो? ओलीनं. लाकूड फुगतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पेटी उघडून दाणे पाहिले. बहुतेक निळे, काही फिकट झालेले. ओल आत शिरत होती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

मी दाणे कढईत भाजले. मंद आचेवर, पंचवीस मिनिटं, उलथन्यानं हलवत. बायको दारात उभी राहिली.

"पोरगी गिटार वाजवून राहिली का तुम्ही चिवडा करून राहिले?"

"नूतनीकरण चाललं आहे."

"त्या कढईचंबी नूतनीकरण करा मग. मी तिच्यात आता पोहे नाही करणार."

दाणे पुन्हा निळे झाले. आणखी अर्धा किलो आणले, थैल्या दोनाच्या चार केल्या. चिठ्ठ्यांवर लिहिलं : '१६ मार्च, नूतनीकृत.' त्या आठवड्यात तिसरी तार झणझणू लागली. मग दुसरी. सातव्या पट्टीच्या वर कुठेही बोट ठेवलं की तार पुढच्या फ्रेटला घासायची आणि डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. मी थैल्या सहा केल्या. मुलीच्या डाव्या तर्जनीच्या कडेला बारीक ओरखडे होते, तिनं त्यावर चिकटपट्टी लावली होती.

मार्चच्या चौथ्या रविवारी वस्तीत तालीम होती. मी सोडायला गेलो आणि मागे बसलो. दोन गाणी झाली. तिसऱ्यात गिटारची एकटीची ओळ होती. मुलीनं ती बरोबर वाजवली, बोटं कुठेच चुकली नाहीत, पण ऐकू आली ती माशी. ढोलकवाला तिच्याकडे पाहू लागला. बहिणीनं हात वर करून गाणं थांबवलं. मुलीला काही बोलली नाही, सरळ माझ्याकडे वळली.

"काहून गा, एवढा मोठा मालतपासणीवाला तू, अन् पोरीले झांज आणून दिली का?"

"कारखान्याचा दोष आहे," मी म्हणालो. "उद्याच जातो मी दुकानात."

"जा ना. कुठंबी जा. पण सहा तारखेच्या रविवारी आवाज साफ पायजे. नाही तं ती कोरसमध्ये उभी राहीन अन् गिटार कीबोर्डावर होईन. जयंतीच्या स्टेजवर मी असं झणझण नाही चालवून घेत, माझी पोरगी असती तरी नसतं चालवलं."

कीबोर्डवाल्यानं उगाच एक बटण दाबून पाहिलं. गिटारचा आवाज निघाला. साफ होता.

परत येताना मुलगी गाडीवर मागे बसली होती. संध्याकाळ झाली होती, ऊन नव्हतं, तरी तिनं हेल्मेटची काच खाली ओढलेली होती.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी दुकानात गेलो. सोबत मुलगी, गिटार आणि तक्ता. तक्त्यात आता दोन रकाने होते, २ मार्च आणि २४ मार्च. बाराव्या पट्टीवर तारेची उंची पावणेदोन मिलिमीटरवरून सव्वावर आली होती. मी ते आकडे दुकानदाराला वाचून दाखवले आणि पैसे परत मागितले. ग्राहक मंचाचाही उल्लेख केला.

"साहेब, ये मौसम आहे," तो म्हणाला.

"वॉरंटीच्या कागदात मौसम नाही."

"म्हणूनच तं म्हणतो, वॉरंटीत नाही बसत." त्यानं दोन्ही हात जोडले, मग एका पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. "लकडगंजला एक बुढा आहे. पेटी-तबला सुधारते, गिटारही पाहते. त्यानं लिहून दिलं का कारखान्याची गलती आहे, तं मी पैसे वापस करतो. जबान देतो."

ही अट मला आवडली. त्रयस्थ तपासणी. मी त्याच्याकडून ती पावतीच्या मागे लिहून घेतली आणि खाली सही घेतली.

लकडगंजला मंगळवारी गेलो. एका आरामशीनच्या मागे पत्र्याच्या खोलीत दुरुस्तीवाल्याचं बाक होतं. बाहेर सागाच्या पाट्या, म्हणजे लांब फळ्या, फटी ठेवून रचलेल्या, आत सुटे भाग काढलेल्या चार हार्मोनियम. माणूस सत्तरीचा असावा. बनियनवर होता आणि चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मी तक्ता पुढे केला. त्यानं तो बाजूला ठेवून त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"पेटी उघडा."

मुलीनं पेटी उघडली. तो गिटारकडे पाहण्याआधी थैल्यांकडे पाहू लागला. एक उचलली, दाबली, कानाशी नेऊन हलवली, मग चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली.

"सोळा मार्च, नूतनीकृत." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे कोणाचं अक्षर?"

"माझं."

"सहा थैल्या?"

"दीड किलो. सिलिका जेल. ओल शोषून घेते."

"शोषलीच ना! शोषलीच!" तो मुलीकडे वळला. "बाई, तुझ्या बापाले लोणचं घालाचं होतं का गिटारचं?"

मी त्याला सांगितलं की आठवड्यात दाणे फिकट झाले होते, म्हणजे ओल शिरत होती.

"शिरत होती? कुठून? मार्चात नागपुरात ओल असते का भाऊ? सकाळी वाळू घातलेला टॉवेल दहा वाजता पापड होते. ते दाणे जे पाणी पिले ना, ते हवेचं नव्हतं. या मानेचं होतं."

त्यानं गिटार उचलून मानेची कड माझ्या बोटाखालून ओढली. ओरखडा उठला.

"लोखंड वाढत नाही, भाऊ. लाकूड आखडलं, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर आली. मान वाळून मागं वाकली, म्हणून तारा खाली बसल्या, म्हणून झणझण. तुमी पाहिलं झणझण वाढली, तं आणखी दाणे टाकले. बरोबर?"

"बरोबर."

"अन् भाजून टाकले."

"तेही बरोबर."

त्यानं खिडकीतून बाहेरच्या पाट्या दाखवल्या. प्रत्येक पाटीच्या टोकाला लाल रंग फासलेला होता. "तो रंग पाहा. टोकाकडून ओल लवकर उडू नये म्हणून लावते आरामशीनवाला. पाटी फाटू नये म्हणून. तो चौथी शिकला. इथं पूर्ण बजार लाकूड कसं सावकाश वाळवाचं याच्यात जिंदगी घालवते, अन् तुमी भट्टी लावली."

मुलीनं विचारलं, "काका, म्हणजे गिटार खराब नव्हती?"

"नाही वं. गिटार एकदम चांगली आहे. या भावात याहून चांगली नाही भेटत. घर खराब होतं."

दुकानदाराची सही असलेली पावती माझ्या खिशात होती. ती मी बाहेर काढली नाही.

दुसरी कोणती पाहिली होती, असं त्यानं विचारलं. मी निळीचं सांगितलं. पेन्सिलीची खूण सांगितली, एकवीस मुद्दे सारखे होते ते सांगितलं, आणि सतरावा मुद्दा सांगितला तेव्हा तो बाकावर बसलाच.

"भाजलेली मान होती? अन् तुमी सोडली?"

"सात हजारांचा फरक होता."

"सात हजार जास्तच सांगितले त्यानं. लुटते तो. भाजाई दीड-दोन हजाराची, बाकी निळा रंग. पण भाजलेल्या लाकडातलं पाणी कारखान्यातच जाते. मग ते ना पिते ना सोडते. तिच्या बाजूले तुमी सहा काय, साठ थैल्या ठेवल्या असत्या तरी ती हलली नसती. तुमच्यासारख्या माणसाच्या घरात तीच पायजे होती."

मुलगी खाली पाहत होती. तिचे खांदे हलत होते, आणि मला आधी वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. रविवारपासून पहिल्यांदा.

त्यानं थैल्या बाहेर काढल्या आणि गिटार ठेवून घेतली. दहा दिवस लागतील म्हणाला. आधी आठवडाभर नुसती पेटीत ठेवायची, ओल्या स्पंजसोबत, म्हणजे लाकूड पाणी परत घेईल. त्याआधी कानस लावली तर पावसाळ्यात मान फुगून टोकं आत जातील. मग टोकं घासायची, मानेतली लोखंडी सळई थोडी ढिली करायची, तारा बसवायच्या. मी आगाऊ पैसे विचारले.

"मी आगाऊ नाही घेत. अन् नेतानाही नाही घेत. वाद्य आधी स्टेजवर वाजलं पायजे. वाजलं का मग या. पार्टीवाल्या लोकांचं माझं हेच चालते."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तं पुढच्या वर्षी वाद्य सुधाराले कुठं नेईन तो?"

आमच्या स्टोअरात ही पद्धत असती तर माझ्यासारख्या चार जणांची गरज उरली नसती.

चार एप्रिलला गिटार मिळाली. सोबत प्लास्टिकची साबणदाणी, झाकणाला भोकं पाडलेली, आत ओला स्पंज. दाण्यांच्या जागी ती पेटीत ठेवायची. आणि घरी कूलर सुरू असेल तर गिटार त्याच खोलीत ठेवायची, पण कूलरच्या तोंडासमोर नाही. मी तीस वर्षं कूलरमधल्या ओलीला शिव्या घातल्या, आता त्याच ओलीसाठी टाकीत सकाळ-संध्याकाळ बादल्या भरू लागलो.

सहा तारखेच्या तालमीला मी मागे बसलो नाही, बाहेर गाडीजवळ उभा राहिलो. तिसरं गाणं सुरू झालं. एकटीची ओळ आली आणि गेली. गाणं थांबलं नाही. थोड्या वेळानं बहीण पाणी प्यायला बाहेर आली.

"झांज कुठं गेली गा?"

"दुरुस्त केली."

"कारखान्याचा दोष होता ना?"

"नाही," मी म्हणालो. "माझा होता."

ती हसली नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं. "सहा गाणी तिची. तीन कीबोर्डवर राहू दे, त्याले तरी काहून रिकामं बसवू."

चौदा तारखेला संध्याकाळी कार्यक्रम झाला. मुलगी पहिल्या रांगेत डावीकडे बसली होती, माइकपासून दोन फुटांवर. तर्जनीवर चिकटपट्टी नव्हती. साळा माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. दुसऱ्या गाण्यात त्यानं डोळे मिटले.

"टोन ऐका भाऊजी. मी दुकानातच म्हटलं नव्हतं का, हिच्यात गहराई आहे म्हणून?"

म्हटलं होतंच. भिंतीकडे तोंड करून. मी मान हलवली. माझ्या बावीस मुद्द्यांत ऐकण्याचा एकही मुद्दा नव्हता, तेव्हा त्याच्याशी भांडायला माझ्याकडे कागदच नव्हता. आणि मुलीनं दुकानात दोन्ही माना हातात धरून एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मी स्वतःच्या अक्षरात गुणवत्तेतून वगळलं होतं.

बुधवारी, १६ एप्रिलला, ऑफिसातून परस्पर लकडगंजला गेलो. दुरुस्तीवाला हार्मोनियमच्या भात्याला चामडं चिकटवत होता.

"वाजलं?"

"वाजलं. सहा गाणी."

"मग द्या."

मी तपशीलवार बिल मागितलं. त्यानं माझाच तक्ता काढला. तो अजून त्याच्या बाकावरच होता, चहाच्या ग्लासाचे तीन गोल उमटलेले. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं : टोकं घासणं सातशे. सळई अन् सेटिंग चारशे. खाली आणखी एक ओळ : सिलिका जेल चारशे.

"जेल तर माझीच होती," मी म्हणालो.

"म्हणूनच तं. पोरगी आली असती तं अकराशे घेतले असते. तुमी आले."

मी ओळी पुन्हा वाचल्या. बेरीज बरोबर होती. एकूण पंधराशे रुपये, रोख, लकडगंजच्या दुरुस्तीवाल्याला. घासाघीस केली नाही.